पोलोचे सस्पेन्शन नेमके किती मिलिमीटर खाली घ्यावे?

वळणवाट (प्रश्न) :

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (पेट्रोल) आहे. तिचे शॉक ॲब्सॉर्बर आता निकामी होत आले आहेत आणि ते बदलावेच लागणार आहेत. तेव्हा त्याच कामात गाडी थोडी खाली घ्यावी, असा विचार बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. ताम्हिणी घाटातल्या सलग वळणांवर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते ते कमी व्हावे, हा मुख्य हेतू आहे. पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधली मोकळी जागा डोळ्यांना खुपते, हेही एक कारण आहे आणि ते मी लपवत नाही.

पुण्यात चौकशी केल्यावर तीन पर्याय समोर आले. पहिला, ३५ मिमी खाली नेणाऱ्या तयार स्प्रिंगचा संच मूळ मापाच्या नव्या शॉकअपवर बसवणे. दुसरा, कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच घेणे. तिसरा पर्याय एका गॅरेजमध्ये सुचवला गेला, तो म्हणजे मूळ स्प्रिंगचे एक वेटोळे कापून टाकणे. प्रत्येक ठिकाणी एक आकडा सांगितला जातो, पण तो आकडा कशावरून आला, हे कोणीच सांगत नाही.

माझा वापर असा आहे : एरवी मी एकटा कोथरूड ते हिंजवडी जातो, आणि अधूनमधून आई-वडील, पत्नी आणि सामान असे मिळून कोकणात जाणे होते. आमच्या सोसायटीच्या दाराशी सिमेंटचा अरुंद आणि उंच गतिरोधक आहे. तो ओलांडल्याशिवाय घरी पोहोचता येत नाही. आकडा ठरवण्याची रीत समजावून सांगितलीत, तर आभारी राहीन.

पाना१४ :

आपण प्रश्न योग्य मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी किती खाली जाईल, हा आकडा दुय्यम आहे. खाली गेल्यावर दोन ठिकाणी किती जागा उरेल, यावरून निर्णय व्हायला हवा. एक जागा गाडीचे पोट आणि रस्ता यांच्यामधली, आणि दुसरी सस्पेन्शनच्या आतली, म्हणजे चाक वर उचलले गेल्यावर बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबराच्या तुकड्याला) टेकेपर्यंत त्याला मिळणारी. पहिलीकडे सगळ्यांचे लक्ष असते. दुसरी दिसत नाही, आणि गाडी चांगली चालणार की आदळणार, हे मुख्यतः तिच्यावरच ठरते.

आधी पोटाखालच्या जागेबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता यावा, असा हिशेब त्यामागे आहे. पोलोच्या दोन आसांमधले अंतर सुमारे २.४७ मीटर असल्यामुळे गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली, की तिची चारही चाके त्याच गतिरोधकावर चढलेली असतात आणि पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर उंचवटा उरतो. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीचाही शत्रू नाही. आपल्याकडे गाड्या घासतात त्या फूट-दोन फूट रुंदीच्या, हाताने थापलेल्या सिमेंटच्या उंचवट्यांवर, कारण पुढची चाके पलीकडे उतरलेली आणि मागची अजून अलीकडेच असताना त्यांची संपूर्ण उंची पोटाखाली येते. तेव्हा आपल्या सोसायटीच्या दाराशी पट्टी घेऊन बसा आणि त्या उंचवट्याची खरी उंची मोजा. तुमच्या आकड्याची वरची मर्यादा तिथेच ठरणार आहे.

पैसे खर्च करण्याआधी करून पाहता येईल अशी एक चाचणी आहे. घट्ट फोमच्या २०, ३० आणि ४० मिमी जाडीच्या पट्ट्या आणा. एका वेळी एका जाडीची पट्टी इंजिन गार्डच्या (इंजिनाखालच्या संरक्षक आवरणाच्या) तळाला आणि दारांखालच्या जॅक लावायच्या जागांना चिकटवा. एक्झॉस्टच्या जवळ मात्र लावू नका, तो तापतो. मग गाडीत माणसे आणि सामान भरून नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या वेगाने फिरा. ज्या जाडीची पट्टी ओरखडे न पडता परत येते, तेवढीच जागा तुमच्याकडे खर्च करायला आहे.

आता आतल्या जागेबद्दल. समजा, भरलेल्या गाडीत पुढच्या चाकाला बंप स्टॉपपर्यंत ७० मिमी जागा आहे. शॉकअप मूळ लांबीचा ठेवून गाडी ३० मिमी खाली घेतली, तर ४० मिमी उरते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळल्यावर स्प्रिंगने जी ऊर्जा झेलायची असते, ती दबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ७० मिमीत जी ऊर्जा झेलली जात होती तीच ४० मिमीत झेलायची, तर स्प्रिंग तिपटीहून अधिक कडक हवी. बाजारातली कोणतीही स्प्रिंग इतकी कडक नसते, आणि असली तर त्या गाडीत बसणे सहन होणार नाही. मग उरलेले काम बंप स्टॉप करतो, आणि लोक ‘खाली घेतल्यावर गाडी कडक झाली’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा स्प्रिंगला नव्हे, तर या रबराच्या तुकड्याला दोष देत असतात. तीच गाडी १५ मिमी खाली घेतली, तर ५५ मिमी उरते आणि सुमारे १.६ पट कडकपणा लागतो. थोड्या कडक स्प्रिंगला चांगल्या प्रतीच्या बंप स्टॉपची जोड दिली, तर तेवढे साधते. १५ आणि ३० मिमीमध्ये गाडीच्या वागण्यात एवढी तफावत पडते, म्हणूनच हा प्रश्न मिलिमीटरमध्ये विचारायला हवा.

घाटातल्या झुकण्याबद्दल एक गोष्ट अनेकांना पटत नाही. पोलोला पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन आहे. गाडी खाली गेली, की तिचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, आडव्या रेषेच्या पलीकडे वळतो आणि त्याचे चाकाकडचे टोक वर जाते. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू, म्हणजे रोल सेंटर, गुरुत्वमध्य जितका उतरतो त्यापेक्षा अधिक खाली उतरतो, आणि दोघांमधले अंतर वाढल्याने गाडी झुकवणारा जोर वाढतो. नवी स्प्रिंग कडक असते म्हणून एकंदर झुकणे कमी दिसते. पण त्याचे श्रेय कडकपणाला आहे, उंचीला फारच थोडे. फार खाली नेलेल्या गाडीत टाय रॉडचाही (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचाही) कोन बिघडतो आणि उंचवट्यावर स्टिअरिंग आपोआप किंचित वळते. म्हणून माझे मत असे, की घाटासाठी गाडी खाली घेणाऱ्याने माफक उंची कमी करावी आणि चांगल्या शॉकअपवर अधिक खर्च करावा.

वेटोळे कापण्याचा पर्याय सोडून द्या. कापलेल्या टोकाचा आकार स्प्रिंग टेकते त्या वाटीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लटकले की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

नाशिकरोड :

माझे मत थोडे वेगळे आहे. दहा वर्षांहून जुन्या गाडीचे शॉकअप, त्यांच्या वरचे माउंट, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि टायर हे सगळे थकलेले असते, आणि मालकाला आठवत असते ती याच थकलेल्या गाडीची वागणूक. हे सर्व भाग मूळ मापाचे नवे बसवून घाटात एकदा जाऊन यावे आणि त्यानंतरच उंचीचा विचार करावा, असे सुचवतो. झुकण्याची तक्रार निम्मी तरी तिथेच संपेल. कोकणात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते तेव्हा वीस मिलिमीटर उंचीसुद्धा मोलाची वाटते; त्या भागात राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

नेकारकाठ :

मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि वाहनांच्या सस्पेन्शनशी संबंधित काम करतो, म्हणून खोक्यावर छापलेल्या आकड्याविषयी लिहितो.

‘३५ मिमी’ हा आकडा त्या उत्पादकाने मोजलेल्या गाडीच्या मूळ उंचीच्या तुलनेत असतो, आणि ती गाडी बहुधा युरोपातली असते. भारतात विकलेल्या पोलोची जमिनीपासूनची उंची कागदावर सुमारे १६५ मिमी आहे, म्हणजे इथल्या युरोपातल्या पोलोपेक्षा ती जास्त ठेवलेली होती. तोच संच तुमच्या गाडीत घातला, तर ती ३५ मिमीपेक्षा अधिक खाली बसण्याची शक्यता आहे. इकडे जर्मनीत अशा स्प्रिंगसोबत तपासणी संस्थेचा अहवाल येतो. कोणत्या मॉडेलसाठी, पुढच्या आणि मागच्या आसावर किती भारापर्यंत, कोणत्या टायरसह आणि कोणत्या बंप स्टॉपसह ती वापरायची, हे सगळे त्यात लिहिलेले असते. आणि बसवून झाल्यावर गाडी ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेकडे दाखवावी लागते. तो अहवाल भारतीय गाडीला लागू होत नाही, पण त्यातली आसभाराची अट जरूर वाचा. डिझेल इंजिन जड असते. डिझेलसाठीची स्प्रिंग पेट्रोल गाडीत घातली, तर गाडी अपेक्षेपेक्षा उंच बसते, आणि याच्या उलट केले तर जास्त खाली.

विक्रेत्याकडे ‘किती खाली जाईल’ असे विचारण्याऐवजी स्प्रिंगची मोकळी लांबी आणि कडकपणा हे दोन आकडे मागा. केवळ समजण्यासाठी सोपे आकडे घेऊन उदाहरण देतो. मूळ स्प्रिंग ३५० मिमी लांब आहे, एक मिलिमीटर दाबायला तिला २२ न्यूटन लागतात आणि तिच्यावर २८६० न्यूटन भार आहे. म्हणजे ती १३० मिमी दबून २२० मिमीवर उभी राहते. नवी स्प्रिंग ३०० मिमी लांब, पण ३० टक्के अधिक कडक, म्हणजे २८.६ न्यूटनची आहे. ती १०० मिमी दबून २०० मिमीवर राहते. लांबी ५० मिमी कमी असूनही गाडी फक्त २० मिमी खाली गेली. आता चाक पूर्ण खाली लटकले, अशी कल्पना करा. मूळ शॉकअप आणखी ९० मिमी उघडत असेल, तर स्प्रिंगच्या दोन वाट्यांमधले अंतर ३१० मिमी होते. जुनी स्प्रिंग तेव्हाही ४० मिमी दाबलेलीच राहत होती. नवी मात्र १० मिमी आखूड पडते आणि वाटीत सैल होते. मूळ लांबीचे शॉकअप आणि खूप खाली नेणारी स्प्रिंग हा तुमचा पहिला पर्याय मला न पटण्याचे हेच कारण आहे. खाली घेतलेल्या गाड्यांसाठी आखूड शॉकअप वेगळे बनवतात. बिलस्टीनची बी-८ मालिका तशी आहे, तर बी-६ मूळ लांबीची. शॉकअप कोणताही घ्या, पण स्प्रिंग ३० टक्के अधिक कडक झाली, तर त्याचा अवरोधही, म्हणजे हेलकावे शमवण्याचा जोरही, सुमारे १४ टक्के वाढायला हवा; नाहीतर उंचवटा ओलांडल्यावर गाडी जास्त वेळ हेलकावत राहते.

कलम_आणि_चाक :

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या चौथ्या पोटकलमात अनुमती नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. हे काम स्प्रिंग विकत घेण्याच्या आधी व्हायला हवे.

वळणवाट :

सर्वांचे मनापासून आभार. लेखी विचारणा पाठवली आहे आणि उत्तर येईपर्यंत काही विकत घेणार नाही. दरम्यान ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेऊन मोजमापे घेतली, ती देत आहे.

दारांच्या खाली, गाडीच्या मध्यावर, सर्वांत खालचा भाग रिकाम्या गाडीत जमिनीपासून १६५ मिमी आहे. इंजिन गार्ड मी नंतर बसवलेला लोखंडी आहे. तिथे १५५ मिमी भरले. चौघे बसून सामान भरल्यावर पुढचा भाग ११ मिमी आणि मागचा ३८ मिमी खाली गेला. मागच्या चाकाला बंप स्टॉपपर्यंत रिकाम्या गाडीत ८५ मिमी जागा आहे. सोसायटीचा गतिरोधक ११० मिमी उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद निघाला. फोमची २० मिमीची पट्टी भरलेल्या गाडीतही शाबूत राहिली. ३० मिमीची पट्टी गार्डखाली एका ठिकाणी खरवडली गेली. ४० मिमीची पट्टी त्या गतिरोधकावर फाटून निघाली.

आता मी पुढे २५ आणि मागे २५ मिमी, असा समान आकडा धरावा का?

पाना१४ :

मोजमापे नेमकी घेतलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. समान आकडा धरू नका.

मागून सुरुवात करू, कारण तिथे जागा कमी आहे. ८५ मधून भाराचे ३८ गेले, की ४७ मिमी उरतात. मागे २५ मिमी खाली घेतले तर भरलेल्या गाडीत २२ मिमी राहतील, आणि कोकणच्या रस्त्यावर मागे बसलेल्या आई-वडिलांना प्रत्येक खड्डा पाठीत जाणवेल. १५ मिमी घेतले तर ३२ राहतात; थोड्या कडक स्प्रिंगसह तेवढ्यात चालते. त्याहून खाली जाऊ नका, असे आग्रहाने सांगतो.

पुढे इंजिन गार्ड मर्यादा ठरवतो. १५५ मधून भाराचे ११ वजा केले, की १४४. पुढे २० मिमी खाली घेतले तर १२४ उरतात आणि ११० मिमीचा गतिरोधक १४ मिमी राखून जातो. २५ घेतले तर ९ मिमीच राहतात. गार्ड पुढच्या चाकांच्या किंचित मागे असल्याने चाके पलीकडे उतरत असतानाच तो उंचवट्यावर येतो, आणि नेमके त्याच वेळी ब्रेक दाबला तर गाडीचे नाक वाकून ते ९ मिमी सहज खाऊन टाकते. मध्यभागी १६५ मधून भाराचे सरासरी २५ आणि खाली घेतल्याचे सरासरी १८ वजा केले तरी १२२ राहतात, तिथे अडचण नाही. सबब, पुढे २० आणि मागे १५. लोखंडी गार्डऐवजी मूळ प्लॅस्टिकचे आवरण पुन्हा लावलेत तर पुढे काही मिलिमीटर मोकळे होतील. ते उंची आणखी कमी करण्यासाठी न वापरता शिल्लक ठेवावेत, असे मला वाटते.

बाजारातल्या तयार संचात हा आकडा मिळणे अवघड आहे. कॉइलओव्हर घेणार असाल तर तो जास्तीत जास्त किती उंच ठेवता येतो, हे आधी विचारा. काही संचांची सर्वांत वरची खूणसुद्धा २५-३० मिमी खाली नेते, आणि नेकारकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे आपल्या गाडीत ती त्याहूनही खाली जाऊ शकते. नाहीतर मोकळी लांबी आणि कडकपणा लिहून देऊन स्प्रिंग बनवून घेणे हा मार्ग आहे. त्यासाठी त्यांनी मांडलेला हिशेब तुमच्या मूळ स्प्रिंगची मापे घेऊन करा.

बसवताना दोन गोष्टी मेकॅनिककडून स्वतः उभे राहून करून घ्या. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाके हवेत असताना शेवटपर्यंत आवळू देऊ नका; गाडी नव्या उंचीवर चाकांवर उभी राहिल्यानंतरच आवळायला सांगा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दुसरे, बसवण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलेल्या उंचीत टायरची हवा आणि जागेचा उतार मिसळतो, तसे या मापात होत नाही. नव्या स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात. तेव्हा हे अंतर पुन्हा मोजा आणि त्यानंतरच अलाइनमेंट करून घ्या, कारण उंची बदलली की टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजू लागतात. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी भिंतीवर पाहून नीट करून घ्या. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खाली गेल्यामुळे रिकाम्या गाडीत झोत जवळ पडेल. शॉकअपच्या दांड्याला धूळरोधक रबराच्या आत एक केबल टाय बांधून ठेवा. कोकणातून भरलेल्या गाडीने परत आलात, की तो टाय कुठपर्यंत सरकला आहे ते पाहून इथे कळवा. बंप स्टॉप किती वेळा लागतो, त्यावरून मागचे १५ ठेवायचे की १० करायचे, ते सांगता येईल.